पिकअपचं स्टिअरिंग ढिलं झालंय? बॉक्सचा स्क्रू आवळण्याआधी हे बघा

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की आमच्या अंगणात कोणाची ना कोणाची पिकअप येऊन उभी राहते आणि तक्रार एकच असते : "स्टिअरिंग लूज झालंय, बॉक्स जरा टाईट करून दे." बॉक्स म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं पुढे चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी. मी मेकॅनिक नाही. घरच्या दोन जुन्या पिकअप आहेत. नारायणगावचं मार्केट, ओतूर, तिथून माळशेज उतरून कल्याण आणि वाशी, अशा फेऱ्या वर्षानुवर्षं चालू आहेत. खड्डे, चिखल आणि ओव्हरलोड यांच्या कृपेने स्टिअरिंगचं हे एकच दुखणं मी इतक्या वेळा काढलंय, की आता शेजारीपाजारी आधी माझ्याकडे येतात. आणि इतक्या वर्षांत ज्यांचा बॉक्स खरोखर गेलेला निघाला अशा गाड्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळ्यांत दोष दुसरीकडेच होता आणि शिक्षा बॉक्सला झाली होती.

पुढचं सगळं मुख्यतः पुढे अख्खा ॲक्सल, पाटे, किंगपिन (ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक वळतं ती) आणि स्टिअरिंग बॉक्स असलेल्या गाड्यांबद्दल आहे. तुमच्या गाडीची पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतील तर किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट समजा. तपासणीचा क्रम तोच राहतो.

आधी लक्षण नीट ओळखा

"लूज" हा एकच शब्द लोक पाच वेगवेगळ्या दुखण्यांना वापरतात. त्यामुळे पहिल्यांदा गाडी स्वतः चालवा, मालकाच्या सांगण्यावर जाऊ नका.

सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावी-उजवीकडे चार बोटं फिरवलं तरी गाडीला पत्ताच नाही, हा खरा प्ले. कुठल्या तरी जोडात झीज आहे.

स्टिअरिंगला प्ले फारसा नाही, पण गाडी कधी डावीकडे सरकते, कधी उजवीकडे, आणि हात सारखे सावरत राहतात. याला आमच्याकडे गाडी पोहते म्हणतात. यात हवा, टायर, मागचे पाटे, अलाइनमेंट हे पहिले संशयित.

गाडी नेहमी एकाच बाजूला ओढते. ही तक्रार वेगळी. फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल तर ब्रेकचं काम बघा, हा लेख सोडून द्या. कायम ओढत असेल तर पुढच्या दोन टायरांची अदलाबदल करून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये. आणि एक लक्षात घ्या, पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो, त्यामुळे आपल्या बाजूने चालताना थोडी डावीकडे ओढ राहतेच.

वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, हाताने आणावं लागतं. एक तर काहीतरी जाम आहे, किंवा कॅस्टर (किंगपिनचा मागे असलेला कल) बिघडलाय, किंवा कोणीतरी बॉक्स आधीच आवळून ठेवलाय.

ठरावीक वेगाला, बहुतेक खड्ड्यातून गेल्यावर, पुढची चाकं फडफडतात आणि स्टिअरिंग हातातून हिसकून घेतल्यासारखं थरथरतं. हे झालं तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग घट्ट धरून हळूहळू वेग कमी करा. आणि दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीत माल भरू नका.

आणखी एक प्रश्न मी हमखास विचारतो : रिकामी पोहते की भरलेली? रिकामी पोहते आणि भरली की सरळ चालते, तर मागे पाटा वाढवलाय का बघा. भरली की पोहते आणि रिकामी ठीक, तर मागचे बुश, यू-बोल्ट किंवा माल लावण्याची पद्धत. या एका प्रश्नाने अर्धा दिवस वाचतो.

किती प्ले चालतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 98 सांगतो की स्टिअरिंगचा मोकळा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नको. फिटनेसला गाडी नेताना हा आकडा लक्षात ठेवायला बरा. पण 40 सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर 30 अंश म्हणजे काठावर साडेदहा सेंटिमीटर होतात. ही कायद्याची शेवटची रेघ झाली, गाडी चालवायची नव्हे.

हिशोब करून बघा. बॉक्सचं गुणोत्तर 20 ला 1 धरलं तर स्टिअरिंगवरचे 20 अंश म्हणजे पुढच्या चाकांना 1 अंश. दोन चाकांतलं पुढचं-मागचं अंतर तीन मीटर असलेली गाडी 60 च्या वेगात असताना चाकं 1 अंश वळली, तर एका सेकंदात ती सुमारे 80 सेंटिमीटर बाजूला जाते. माळशेजच्या धुक्यात समोरून ट्रक येत असताना 80 सेंटिमीटर फार असतात. माझ्या गाड्यांवर काठाला अडीच-तीन सेंटिमीटरच्या वर प्ले दिसला की मी गाडीखाली शिरतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तोच खरा.

मोजायला सोपं आहे. चाकं सरळ, स्टिअरिंगला काठावर चिकटपट्टीचा तुकडा, डॅशबोर्डवर पट्टी टेकवलेली. एका बोटाने स्टिअरिंग फिरवा आणि कोणालातरी पुढचं चाक बघायला सांगा. चाक हललं की थांबा, खूण करा. दुसऱ्या बाजूला तसंच. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून मोजा, बंद गाडीत आकडा खोटा येतो. हा आकडा वहीत लिहून ठेवा, दुरुस्तीनंतर तुलनेला लागतो.

फुकटातलं काम : हवा आणि टायर

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगाचं. गाडी थंड असताना चारही चाकांची हवा स्वतःच्या गेजने मोजा. कंपनीने सांगितलेला दाब दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात मिळतो. पुढे कमी हवा असेल तर टायरची बाजू लवचीक होते, स्टिअरिंग फिरवल्यावर आधी टायर पिळतो आणि मग गाडी वळते. ड्रायव्हरला वाटतं प्ले आहे. मागे कमी असेल आणि वर माल असेल तर गाडीची शेपटी डुलते, आणि तेही हाताला स्टिअरिंगचाच दोष वाटतो. पंक्चरवाल्याने अंदाजाने भरलेली हवा ही हवा मोजल्यात धरू नका.

मग टायर. पुढच्या एकाच ॲक्सलवर एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल, हा प्रकार मी दोनदा पाहिलाय. स्टेपनी चढवली ती तशीच राहिली. दोन्हींचा स्वभाव वेगळा असल्याने गाडी सरळ राहणं शक्यच नाही. पुढे रिमोल्ड टायर तर नकोच.

टायरच्या नक्षीवरून हात आडवा फिरवा, बाहेरून आत आणि आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे चाकांचं पुढून आत किंवा बाहेर वळलेलं असणं, बिघडलेला आहे. हे डोळ्याला दिसत नाही, तळव्याला लगेच कळतं. जागोजागी खोलगट झीज असेल तर बॅलन्सिंग, शॉक ॲब्सॉर्बर किंवा ढिले जोड बघा.

चाकाचे नट आवळलेले आहेत ना? हसू नका. एकदा दोन तास ॲक्सल तपासून झाल्यावर पोराने येऊन सांगितलं, "काका, नट हाताने फिरतोय."

माल कुठे लावलाय

आपल्याकडे वीस किलोच्या क्रेट फाळक्याच्या बाहेरपर्यंत रचतात. मागच्या ॲक्सलच्या मागे जितकं वजन जातं तितका पुढचा भार उचलला जातो, तराजूसारखं. पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकलेली राहतात. अशा गाडीचं स्टिअरिंग हलकं लागतं आणि बाजूने वारा आला की ती सरकते. ट्रायल घ्यायची असेल तर आधी थोडाच माल, तोही केबिनला चिकटवून लावा आणि चालवून बघा. फरक पडला तर गाडीला दोष देऊ नका.

ग्रीस

किंगपिनच्या वर-खाली, काही गाड्यांत ड्रॅग लिंक आणि टाय रॉडच्या टोकांना, पाट्यांच्या पिनांना ग्रीसचे निप्पल असतात. पावसाळ्यात चिखलाने ते बुजतात, आणि गॅरेजचं पोरगं गन लावून दोन दाब मारून पुढे जातं. ग्रीस आत गेलं की बाहेरच सांडलं हे कोणी बघत नाही. निप्पल आधी पुसा. गन मारल्यावर जुनं काळं ग्रीस बुशच्या कडेने बाहेर आलं पाहिजे. येत नसेल तर निप्पल काढून स्वच्छ करा किंवा बदला.

किंगपिनला ग्रीस मारताना ॲक्सल जॅकवर उचलून चाक अधांतरी ठेवा. जमिनीवर टेकलेल्या गाडीत सगळं वजन किंगपिनच्या थ्रस्ट बेअरिंगवर दाबलेलं असतं, तिथे ग्रीस शिरत नाही. ज्यांचं स्टिअरिंग जड चालतं आणि वळणावरून परत येत नाही, त्यातल्या काही गाड्या एवढ्यावरच सुधारतात. ग्रीसने झिजलेला बुश मात्र भरून येत नाही. प्ले दोन दिवस दबतो आणि परत येतो.

हालचाल कुठे मरते ते शोधा

आता या सगळ्यातली मुख्य तपासणी. लागतो फक्त एक माणूस. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर आणि सरळ, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. पॉवर स्टिअरिंगवाल्या गाडीचं इंजिन चालू ठेवा. साथीदाराला केबिनमध्ये बसवा आणि सांगा, स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, सारख्या लयीत हलवत राहा, फक्त प्ले संपेल इतकंच. तुम्ही बाजूने खाली वाका. चाकाच्या पुढे-मागे झोपू नका.

स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत साखळीतून जाते. कॉलम, कॉलमच्या खालचा क्रॉस किंवा रबर कपलिंग, बॉक्सचा वरचा शाफ्ट, बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, नकलचा (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा तुकडा) आर्म, मग टाय रॉड आणि पलीकडचं चाक. वरून सुरुवात करा आणि एकेक जोड बघत खाली या. जिथे अलीकडचा तुकडा हलतो आणि पलीकडचा हलत नाही, तिथे तुमचा आजार. डोळ्याला कळलं नाही तर पंजा जोडावर असा ठेवा की तो दोन्ही तुकड्यांना टेकेल. अर्धा मिलिमीटरचा फरकही हाताला ठक्कन लागतो.

मला आजवर कुठे काय सापडलं ते सांगतो.

कॉलमच्या खालचा क्रॉस. इंजिनच्या उष्णतेने आणि पाण्याने त्याचे बेअरिंग सुकतात. कधी क्रॉस चांगला असतो, पण शाफ्टच्या दातांवरचा क्लॅम्प बोल्ट ढिला असतो. नुसता तो आवळून घरी पाठवलेल्या गाड्या आहेत. दात मात्र घासून गेलेले असतील तर बोल्ट कितीही आवळा, आठवड्यात परत ढिला. तो जोड बदलाच, कारण तो निसटला तर स्टिअरिंग हातात नुसतं गोल फिरतं.

बॉक्सचे चेसिसला धरणारे बोल्ट. ही जागा लोक बघतच नाहीत. बॉक्सवर हात ठेवा. साथीदार स्टिअरिंग हलवतो तेव्हा अख्खा बॉक्स हलतोय का? बोल्टभोवती तांबूस पावडर किंवा रंग उडून चकाकलेली कड दिसली तर बोल्ट ढिले झालेत. आवळा, ठरलेल्या ताकदीने. पण आवळण्याआधी तिथला चिखल तारेच्या ब्रशने घासून काढा आणि चेसिसला चीर आहे का ते टॉर्च मारून बघा. चीर दिसली तर गाडी तिथेच उभी करा. दुसऱ्या गाडीने ओढून न्या. चेसिसचं वेल्डिंग म्हणजे गेट जोडायचं वेल्डिंग नव्हे. आतून पट्टी देऊन ते काम करणारे लोक वेगळे असतात.

ड्रॅग लिंक आणि टाय रॉडची टोकं. सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच. आधी रबराची टोपी बघा. फाटलेली टोपी म्हणजे आत पाणी आणि माती, म्हणजे आज नाही तर सहा महिन्यांनी तो जोड जाणार. नियम 98 मध्येही बॉल जॉइंटला रबरी टोपी असावी आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात असं लिहिलंय, ते उगाच नाही. जोड हाताने वर-खाली उचलून बघा. वर-खाली हलला किंवा चाकाबरोबर टकटक वाजला तर बदला.

टाय रॉड एंड घरी बदलता येतो. स्प्लिट पिन काढा, नट ढिला करा, आणि ज्या आर्ममध्ये तो बसलाय त्याच्या बाजूवर हातोडा मारा. दुसऱ्या बाजूने दुसरा जड हातोडा टेकवून ठेवा. निमुळता भाग आपोआप सुटतो. आट्यांवर हातोडा मारू नका. जुना एंड रॉडमधून काढताना किती फेऱ्यांत निघाला ते मोजा आणि नवीन तितक्याच फेऱ्या आत घ्या, म्हणजे अलाइनमेंटवाल्याकडे जाईपर्यंत गाडी बरी चालेल. अलाइनमेंट मात्र त्याच दिवशी करा. आणि स्प्लिट पिन नवीन, दर वेळी. जुनी सरळ करून परत घालणारे लोक मला भेटतात तेव्हा मी त्यांच्या गाडीत बसत नाही.

टाय रॉड वाकलेला असेल तर? तापवून सरळ करून देणारे भेटतील. घेऊ नका. वाकलेला रॉड नवीनच टाकायचा.

जॅकवर उचलून

जमिनीवर दोष सापडला नाही तर पुढचा ॲक्सल उचला आणि खाली घोडी लावा. जॅकच्या भरवशावर हात घालू नका. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग खालच्या आर्मवर बसली असेल तर जॅकही खालच्या आर्मखाली घ्या, नाहीतर स्प्रिंगच्या ताणाने खालचा बॉल जॉइंट घट्ट राहतो आणि प्ले दिसत नाही.

चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आत-बाहेर हलवा. हललं तर दोन शक्यता, व्हील बेअरिंग किंवा किंगपिन. त्यातली कुठली हे ओळखायची युक्ती सोपी आहे. साथीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. प्ले गेला तर बेअरिंग, कारण ब्रेकने हब आणि नकल एकत्र बांधले गेले. प्ले तसाच राहिला तर किंगपिन. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. फक्त इथेच हलत असेल तर परत टाय रॉडकडे बघा.

बेअरिंगचा प्ले काढणं घरचं काम आहे, फक्त घाई नको. चाक हाताने फिरवत नट आवळा म्हणजे रोलर नीट बसतात. मग नट थोडा मागे घ्या. किती, ते मॅन्युअलमध्ये असतं. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि प्ले लागता कामा नये. लॉक करा. जास्त आवळलेलं बेअरिंग प्ले असलेल्या बेअरिंगपेक्षा लवकर मरतं, आणि घाटात मरतं. फिरवताना आतून घरघर येत असेल तर आवळून उपयोग नाही, बदला.

किंगपिन निघाला तर माझ्या मते इथे थांबा. जुन्या गाडीत पिना गंजून इतक्या घट्ट बसतात की प्रेसशिवाय निघत नाहीत, आणि नवीन बुश बसवल्यावर ते पिनेच्या मापाला रीमरने करून घ्यावे लागतात. मी एकदा हट्टाने घरी करायला गेलो. तीन दिवस गाडी ठोकळ्यांवर आणि शेवटी नकल हातात घेऊन वर्कशॉपलाच गेलो. दोन्ही बाजूंचं काम एकदम करून घ्या.

मागे वळून बघा

स्टिअरिंग पुढे असतं म्हणून सगळे पुढेच बघतात. मागचा ॲक्सल सरकला तर तोही गाडी वळवतो, आणि तुम्ही पुढून ते सावरत बसता. मागच्या पाट्यांचे बुश, शॅकल, यू-बोल्ट आणि पाट्यांचा सेंटर बोल्ट बघा. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल पाट्यावर पुढे-मागे सरकतो. दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेप लावा, चाकं सरळ ठेवून. दोन्ही मापं जवळपास सारखी हवीत. सेंटिमीटरभर फरक आला तर कारण शोधा. मागून चालत्या गाडीकडे बघितलं की ती तिरकी पळताना दिसते, कुत्रं पळतं तशी.

आमच्या दाजींची गोष्ट इथलीच. त्यांची पिकअप रिकामी असताना पोहायची. दोन ठिकाणी दाखवून झालं, दोन्हीकडे बॉक्स आवळला गेला, आणि माझ्याकडे आली तेव्हा स्टिअरिंग इतकं घट्ट की वळणावरून परत येईना. मी विचारलं, "दाजी, मागे पाटे कधी वाढवले?" म्हणाले, "दिवाळीच्या आधी. त्याचा काय संबंध?" संबंध असा. जादा पाट्याने मागची बाजू उचलली गेली, गाडी नाकावर झुकली आणि त्याबरोबर पुढचा किंगपिनही पुढे कलला. किंगपिनचं वरचं टोक थोडं मागे कललेलं असतं, तोच कॅस्टर. सायकलचा पुढचा दांडा तिरका असतो म्हणून ती हात सोडूनही सरळ जाते, तसंच. तो कल कमी झाला की गाडी सरळ जायचं विसरते. माल भरला की मागची बाजू बसते, कल परत येतो, म्हणून भरलेली गाडी ठीक.

दाजींच्या गाडीत पुढचे पाटेही त्याच वेळी उघडले होते, आणि ॲक्सल आणि पाटा यांच्यामधली निमुळती पट्टी उलटी बसवलेली निघाली. पाटा ॲक्सलच्या वर असेल तर पट्टीची जाड बाजू मागे हवी. उघडण्याआधी खडूने बाण काढून ठेवा, एवढंच. पट्टी सुलटी केली, यू-बोल्ट आवळले, बॉक्स मूळ जागी सैल केला. नवीन पार्ट एकही लागला नाही.

अलाइनमेंट, आणि शेवटी बॉक्स

अलाइनमेंट सगळे ढिले जोड काढल्यावरच करा. ढिल्या टाय रॉडवर केलेलं अलाइनमेंट गेटबाहेर पडेपर्यंतच टिकतं. अशा गाड्यांना सहसा थोडा टो-इन असतो, म्हणजे चाकं पुढून किंचित आत. टो-आउट झाला की गाडी पोहायला लागते. अख्ख्या ॲक्सलच्या गाडीत टो सोडून फारसं काही फिरवता येत नाही, पण कॅस्टर आणि कॅम्बरचे (चाक वरून आत-बाहेर किती कललंय त्याचे) आकडे मागून घ्या. त्यात दोन बाजूंना मोठा फरक दिसला तर ॲक्सल वाकलेला असू शकतो.

हे सगळं करून प्ले राहिला आणि बॉक्सचा वरचा शाफ्ट हलतो पण ड्रॉप आर्म हलत नाही हे डोळ्यांनी बघितलं, तरच बॉक्सकडे या. आधी ड्रॉप आर्मचा मोठा नट आवळलेला आहे ना ते बघा. मग तेल. तेल नसलेला बॉक्स सुकाच झिजतो. ड्रॉप आर्मचा शाफ्ट बाजूला डुलत असेल आणि तिथून तेल गळत असेल तर आतला बुश गेला, तो स्क्रूने येणार नाही.

बॉक्सच्या वर लॉक नट आणि मध्ये स्क्रू असतो, तोच ज्याला सगळे आवळतात. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून आतले दात मधोमध जास्त झिजतात. मधला प्ले घालवायला स्क्रू आवळला की कमी झिजलेल्या बाजूच्या जागी ते घट्ट होतात, आणि वळणावर स्टिअरिंग अडकतं. शिवाय घट्ट बॉक्समुळे स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, ड्रायव्हर सारखा सावरतो, आणि परत तक्रार तीच : गाडी पोहते. फिरवायचाच असेल तर ड्रॅग लिंक सोडवून, स्टिअरिंग बरोबर मधोमध ठेवून, स्क्रू एका वेळी अष्टमांश फेरी, लॉक नट आवळायचा, आणि दोन्ही टोकांपर्यंत हाताने फिरवून बघायचं. कुठेही अडखळलं तर मागे घ्या. एकंदर पाव फेरीत फरक पडला नाही तर सोडून द्या. बॉक्स उघडणं, बॉल आणि वर्म बदलणं हे बॉक्सचंच काम करणाऱ्याकडे. पॉवर स्टिअरिंगच्या बॉक्सचा स्क्रू तर मी स्वतः फिरवत नाही, त्यात टाकीतल्या तेलाची पातळी, फेस आणि बेल्ट एवढंच बघतो.

प्ले एका दिवसात अचानक वाढला, स्टिअरिंग कुठेही अडकलं, नकलच्या आर्मला चीर दिसली किंवा एखादा नट स्प्लिट पिनेशिवाय सापडला तर "आजची फेरी मारून येतो" म्हणू नका. मेकॅनिकला गाडीपाशी बोलवा.

काम झाल्यावर परत प्ले मोजा आणि वहीतल्या जुन्या आकड्याशेजारी लिहा. पहिली ट्रायल रिकाम्या, मोकळ्या रस्त्यावर 30-40 च्या वेगाने घ्या, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून. पाटे उघडले असतील तर शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळा, पाटे बसले की ते हमखास ढिले होतात. आवळलेल्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवा, नटापासून बोल्टपर्यंत. पुढच्या वेळी हवा बघताना खाली वाकलात की रेघ तुटली का एवढंच बघायचं.